माहेरची बंदूक, सासरची बंदूक

माझ्या लग्नात बाबांनी आंदण म्हणून कपाट दिलं, पितळेची भांडी दिली, शिलाई मशीन दिलं आणि बंदूक दिली. कपाट, भांडी, मशीन मेटाडोरमधून मागून आलं. बंदूक मात्र चंद्रपूरपासून सासरच्या गावापर्यंत मी स्वतःच्या मांडीवर धरून आणली, कारण परवाना माझ्या नावाचा होता आणि बाबांची ताकीद होती की ही वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, जावयाच्यासुद्धा. जावयाने ती मागितलीही नाही. आमच्या यांना दिवाळीत लवंगी वाजली तरी कानात बोटं घालायची सवय. नवी नवरी शालू नेसून बारा बोअरची बंदूक घेऊन शेजारी बसलेली, आणि नवरदेव खिडकीला चिकटून बाहेरची सागाची झाडं बघत होते. त्या प्रवासाची आठवण काढली की ते अजूनही विषय बदलतात.

हे त्र्याण्णव सालचं असावं. सासर सिंदेवाहीच्या पलीकडे, धानाचं गाव. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला जंगल, मधल्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांमध्ये, धान. दारात सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं लांबडं गाठोडं पाहिलं आणि त्यांचा ओवाळायचा हात थांबला. "हे काय आनलं वो माय?"

मी बोलायच्या आत मामाजी, म्हणजे माझे सासरे, पुढे आले. त्यांनी गाठोडं सोडायला लावलं. सुनेचं तोंड पाहायच्या आधी त्यांनी बंदूक पाहिली, आणि हे मी त्यांना पुढे जन्मभर ऐकवलं. उंबरठ्याबाहेर सून उभी, आत पाहुणे खोळंबलेले, आणि हे नळीच्या तोंडाशी वाकून बसलेले. "एकीवर एक नळी?" ते म्हणाले. "हे त उतरंड व्हय!"

झालं. त्या दिवसापासून माझ्या बंदुकीचं नाव गावात उतरंड पडलं. मडक्यावर मडकं तशी नळीवर नळी.

मामाजींचीही बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. माजघरात दोन खुंट्यांवर आडवी असायची. तिच्याही नळ्या दोनच, पण शेजारी शेजारी, बैलजोडीसारख्या. मी मनातल्या मनात तिला जोडी म्हणायला लागले, मग तोंडावरही आलं. जुनी, त्यांच्या वडिलांच्या वेळची. वर दोन घोडे, ते अंगठ्याने मागे ओढून चढवायचे. खाली दोन चाप. दस्त्याला ज्या जागी गाल टेकतो तिथलं लाकूड दोन पिढ्यांच्या घामाने काळं गुळगुळीत झालेलं. आणि नेम धरायला नळीच्या टोकाला जी बारीक माशी असते, ती कधीच पडून गेलेली. तिच्या जागी मामाजी धानाचा एक दाणा लाखेने चिकटवत. दर हंगामाला नवा दाणा. जुना दाणा उंदराने खाल्ला की मामाजी उंदराला शिव्या घालत आणि त्याच पावली लाख वितळवायला बसत.

मी हसले होते तो दाणा पाहून. हसणारच. मी ज्या घरातून आले होते तिथे बंदुकीच्या एकेका स्क्रूला वेगळा स्क्रू-ड्रायव्हर होता.

बाबा कोळसा खाणीत ओव्हरसिअर होते. त्यांची बंदूक एका बदलून जाणाऱ्या साहेबाकडून त्यांनी घेतलेली, परदेशी बनावटीची. वर-खाली नळ्या, चाप एकच. एकदा ओढला की खालची नळी, पुन्हा ओढला की वरची. शिकार त्यांनी कधी केली नाही, त्यांना मांस आवडत नसे. त्यांना फक्त उडती वस्तू फोडायची हौस. दिवाळी झाली की ते कुंभाराकडून तडकलेल्या, उरलेल्या पणत्या पोतंभर आणायचे आणि सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर नेऊन मला शिकवायचे. ते पणती भिरकावणार, मी फोडणार. कॉलेजात एनसीसीत माझं नाव होतं ते त्या पणत्यांच्या जोरावर. वर-खाली बंदुकीत डोळ्यांपुढे एकच बारीक रेघ दिसते आणि टोकाला पांढरी माशी. माशी पणतीपुढे नेली, चाप ओढला, की पणतीचा धुरळा. मला ते इतकं सोपं झालं होतं की भाव खायला लागले होते. आणि बाबा, जे माझ्या बारावीच्या निकालाला "ठीक आहे" म्हणाले होते, ते फुटलेल्या पणतीला टाळ्या वाजवायचे.

पुढे त्यांचा हात कापायला लागला, तेव्हा त्यांनी बंदूक माझ्या परवान्यावर चढवली. लोकांना ते आंदण वाटलं. मला ठाऊक होतं की त्यांनी त्यांच्याजवळची सगळ्यात लाडकी गोष्ट माझ्यासोबत धाडली आहे.

पहिल्याच वर्षी उतरंडीची फजिती झाली. आमच्या सासरी नव्या धानाचा भात खायच्या आधी अंगणात शेतीची हत्यारं मांडतात. विळा, नांगराचा फाळ, सूप, आणि शेवटी बंदूक. प्रत्येकावर नव्या धानाची एक लोंबी ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, मग चूल पेटवायची. शिजलेला पहिला भात राखणदाराच्या ताटात, कारण पीक त्याने राखलं. आमच्या घरी राखणदार मामाजी. त्यांच्या बंदुकीवर दोन नळ्यांच्या मध्ये जी खोलगट पन्हळ असते तिच्यात लोंबी अशी बसायची, जणू त्याचसाठी कारागिराने ती ठेवली असावी. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "सुनेचीबी आना वो. तिची काऊन मागं ठेवता?"

मी मोठ्या तोऱ्यात उतरंड आणून मांडली. सासूबाईंनी लोंबी ठेवली. लोंबी घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. वरची नळी गोल, तिच्यावरची पट्टी सपाट आणि गुळगुळीत, लोंबीला थारा कुठे असणार? तिसऱ्यांदा लोंबी जमिनीवर पडली तेव्हा जमलेल्या बाया गप्प झाल्या. नवी सून, पहिलं वर्ष, आणि नवं धान तिच्या बंदुकीवर टिकत नाही. माझे कान तापले. कुणी एक शब्द बोललं असतं तर मी तिथेच भांडले असते, माझा स्वभावच तसा.

मामाजी उठले. त्यांनी माझी बंदूक उचलली, आपल्या बंदुकीला अगदी अंग लावून ठेवली आणि दोन्ही बंदुकांच्या मध्ये जी फट पडली तिच्यात लोंबी आडवी घातली. "घरात दोन बायका असल्या त एकमेकीले टेकूनच राहा लागते," ते म्हणाले. बाया हसल्या, सासूबाईही हसल्या, आणि चूल पेटली. त्या दिवसापासून हा माणूस माझा झाला. पुढे दरवर्षी दोन्ही बंदुका तशाच एकमेकींना टेकवून मांडल्या जायच्या.

यांची नोकरी बल्लारपूरला कागद कारखान्यात. ते आठवड्याला यायचे आणि जायचे. शेती मामाजी आणि मी बघायचो. धान पोटरीत आलं की सूर्य झाडांमागे गेल्यावर डुकरं जंगलातून उतरत. डुकराला मारायचं नाही, कायदा तसा आणि मामाजींचाही बेत तसा. फक्त पळवायचं. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून आधी मोठ्याने सांगायचे, "जा रे बापा, आपल्या घरी जा! लेकरं घेऊन जा!" डुकरांना इतक्या अदबीने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्याशी ते इतक्या अदबीने कधी बोलले नाहीत. मग तलावाच्या दिशेला, जिथे माणूस नाही की गुरंढोरं नाहीत, तिथे वर आभाळात एक बार. थोडं थांबून दुसरा. डुकरं जंगलाकडे पळायची. मी दुसऱ्या धुऱ्यावर उतरंड घेऊन असायचे, आणि माझे दोन बार चटचट निघायचे. "तुही बंदूक तुह्यासारखीच हाये," मामाजी म्हणायचे. "दम म्हनून नाई तिले."

अशी काही वर्षं बरी गेली. मग मामाजी धुऱ्यावरून चालताना अडखळायला लागले. बाजूचं दिसत नाही म्हणायचे. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. परवान्याच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, तो मिळणं शक्य नव्हतं. दिसत नसलेल्या माणसाच्या हाती कोण बंदूक देईल? हे मामाजीही समजून होते. त्यांना एवढंच हवं होतं की बंदूक घरात राहावी.

परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं ते सरळ होतं. एक तर बंदूक वारसाच्या परवान्यावर चढवा, नाही तर ठाण्याच्या मालखान्यात जमा करा. आमच्या भागात तेव्हा नवा परवाना मिळणं कठीणच, आणि आमच्या यांना मिळत असता तरी त्यांनी हात जोडले असते. राहिले मी. पण माझ्या परवान्यावर उतरंड होती, आणि एका परवान्यावर दोन हत्यारं द्यायला साहेब तयार नव्हते. जोडी ठेवायची तर उतरंड काढावी लागणार. उतरंड ठेवायची तर जोडी मालखान्यात जाणार. त्या जुन्या बंदुकीला गिऱ्हाईकही मिळालं नसतं.

मालखाना आम्हाला दोघांनाही ठाऊक होता. निवडणूक आली की गावोगावच्या बंदुका तिथे जमा व्हायच्या. मामाजी आपली बंदूक मोहाच्या तेलात भिजवलेल्या धोतरात गुंडाळून न्यायचे, आणि परत आणली की दोन दिवस पुसत बसायचे. तिथे कोपऱ्यात सुतळीने बांधलेल्या बंदुकांचा एक ढीग होता. मालक वारलेले, कुणाचं कुणी आलेलं नाही. त्यात त्यांच्या एका दोस्ताची बंदूक होती. तिच्या दस्त्याला वाळवी लागली होती, आणि मामाजींनी बोट लावलं तेव्हा लाकूड भुग्यासारखं गळलं होतं. घरी येऊन ते जेवले नव्हते. आता त्यांच्या बंदुकीची पाळी होती.

त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी रागावले असते, भांडले असते, "माझ्या बापाची बंदूक मी काऊन सोडू?" म्हणाले असते, आणि मोकळी झाले असते. पण ते रोज सकाळी ओसरीवर बसून जोडीला तेल लावायचे. डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे बोटांनी चाचपून, पन्हळीतून अंगठा फिरवत, टोकाच्या दाण्यापर्यंत. दाणा आहे का बघायचे आणि पुन्हा दस्त्यापासून सुरू करायचे. मला त्या तेलाचा वाससुद्धा नकोसा झाला. मी भांडी आपटायचे. सासूबाई म्हणायच्या, "भांड्यावर काऊन राग काढतं?" तर मी अजून जोरात आपटायचे.

माझं बाबांवर प्रेम होतं. मामाजींवरही होतं. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडून काही न मागावं, याचा मला भयंकर संताप आला होता.

बाबांना हे कुणी कळवलं, तर आमच्या यांनी. बंदुकीचा विषय निघाला की पळणारा हा माणूस सुटीच्या दिवशी बल्लारपूरहून चंद्रपूरला गेला आणि आपल्या सासऱ्यांपुढे, म्हणजे बाबांपुढे, सगळं सांगून आला. मला पत्ता नाही. दिवाळी होऊन गेली होती, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, आणि एका दुपारी एसटीतून बाबा उतरले. एका हातात त्यांचा पोळ्यांचा डबा. मधुमेहामुळे त्यांनी भात सोडला होता, त्यामुळे आमच्या धानाच्या गावी ते नेहमी घरच्या पोळ्या बांधून यायचे, आणि सासूबाईंना दरवेळी त्याचा राग यायचा. दुसऱ्या हाताने त्यांनी एक पोतं ओढत आणलं. त्यात पणत्या.

"चला ईवाई," ते आपल्या व्याह्यांना, मामाजींना म्हणाले, "तुमची बंदूक पाहू."

कापलेल्या बांधीत आम्ही गेलो. मागून अर्धं गाव. मामाजींना धुऱ्यावर घोंगडीवर बसवलं. बाबांनी जोडी हातात घेतली, उघडली, नळ्यांतून आभाळाकडे पाहिलं, आणि टोकाच्या दाण्यावर त्यांची नजर अडली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय आहे?"

"धान," मामाजी म्हणाले.

बाबांनी कपाळाला हात लावला. नखाने लाख खरवडली. दाणा निघाला, खाली बारीक भोक दिसलं. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, एक काडी त्या भोकात घालून पाहिली, आणि काडी जपून पेटीत परत ठेवली. त्यांना कुठल्याही भोकात काडी घालून बघायची सवयच होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मामाजींनी मात्र सदऱ्याच्या खिशातून दुसरा दाणा काढला आणि लाखेचा तुकडा काढला. दाणा बसवून झाल्यावरच बंदूक माझ्या हाती आली.

दहा वर्षांची माझी प्रतिष्ठा त्या बांधीत धुळीला मिळाली. बाबांनी पहिली पणती फेकली, मी चाप ओढला, पणती सुखरूप ढेकळात जाऊन बसली. दुसऱ्या नळीसाठी मी सवयीने तोच चाप पुन्हा ओढला. काही नाही. दुसरा चाप मागे आहे हे डोक्याला माहीत, बोटाला माहीत नाही. पुढच्या पणतीला दुसरा चाप आठवला तर घोडा चढवायचा राहिला. त्या पुढच्या वेळी बंदूक अशी उलटली की चापाच्या कडीने मधलं बोट सोलून निघालं. माझी बंदूक सरळ मागे धक्का द्यायची, ही अंग चोरून बाजूला वळायची. पणत्या साऱ्या साबूत. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, मी दातओठ खात होते.

"हिच्यात काही दिसतच नाही!" मी ओरडले. "समोर एवढं मोठं रान नळ्यांचं. माशी कुठे धरायची?"

बाबा पणत्यांचं पोतं सोडून माझ्यापाशी आले. मला वाटलं, म्हणतील, सोड ती, आपलीच ठेव. मी त्याचीच वाट बघत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. पण ते माझ्या मागे उभे राहिले, लहानपणी राहायचे तसे, आणि म्हणाले, "तू नळी पाहून राहिली बेटा. माह्या बंदुकीनं तुले रेघ पाहाची सवय लावली. ही रेघ देत नाही. तू हिच्याकडे पाहूच नको. पणती पाह्य फक्त, आणि गालाला लाव. बाकी ती पाहून घेईल."

"असं कसं?"

"असंच. ईवाई डुकराकडे पाहतात की नळीकडे?"

"मी त आता कोनाकडंच पाहत नाई," धुऱ्यावरून मामाजी म्हणाले, आणि दोघे म्हातारे इतके हसले की बाबांना खोकला आला.

त्यांनी पणती फेकली. मी दाणा सोडला, पन्हळ सोडली, नळ्यांचं रान सोडलं. फक्त ती लाल पणती आभाळात फिरताना पाहिली. गालाला काळं गुळगुळीत लाकूड लागलं, आणि मला कळायच्या आत पणतीचा धुरळा झाला. दुसरी टाकली, बोट आपसूक मागच्या चापावर गेलं, तीही फुटली. मामाजींनी फुटल्याचा आवाज ऐकला. त्यांनी टाळी वाजवली नाही. ते तोंड दुसरीकडे करून उपरण्याने डोळे पुसत होते, ज्या डोळ्यांनी त्यांना काही दिसत नव्हतं ते.

टाळ्या बाबांनी वाजवल्या. तशाच, माळावर वाजवायचे तशा. मग हात झटकत म्हणाले, "ठीक आहे. ही राहू दे."

एवढंच बोलले. मी काही बोलायला गेले तर माझ्यावरच खेकसले, "ती नागपुरात कोणीही घेईल. हिले कोण घेते?" आणि पोतं झटकायला गेले. ते रिकामं पोतं त्यांनी खूप वेळ झटकलं.

कचेरीतली कामं आटोपायला हिवाळा गेला. उतरंड घेऊन मी आणि बाबा नागपूरला बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार खूश. त्याने बंदूक उघडली, मिटली, खांद्याला लावली, आणि म्हणाला, "माशी कुठे गेली हिची?" पाहते तर नळीच्या टोकाची पांढरी माशी खरंच नव्हती.

"पडली असेल कुठं," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाच्या हातून उभ्या जन्मात एक स्क्रू हरवला नव्हता. ते दुकानाच्या छताकडे पाहत होते. बसमध्ये परत येताना त्यांनी खिडकीची जागा मागितली आणि सगळा रस्ता बाहेर पाहत राहिले. उमरेडच्या पुढे मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही.

त्या पावसाळ्यात राखण मी जोडीने केली. धुऱ्यावर मामाजी माझ्यासोबत येऊन बसायचे, डुकरांना हाक त्यांचीच, बार माझा. मध्ये किती थांबायचं ते हाताने खुणावून सांगायचे. आता माझ्या बंदुकीला दम आला आहे, असं त्यांनी गावभर सांगितलं.

नव्या धानाच्या दिवशी बाबा आले. बोलावलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं, कारण त्या अंगणात त्यांची बंदूक असायची आणि आता नसणार होती. डबा होताच सोबत. सासूबाईंनी डब्याकडे पाहून नाक मुरडलं. विळा मांडला, फाळ मांडला, सूप मांडलं. मी जोडी आणून ठेवली. एकटीच होती. तिच्या शेजारची जागा सासूबाईंनी सवयीने सारवून रिकामी ठेवली होती.

"थांबा जरा," बाबा म्हणाले.

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. कापसात गुंडाळलेली ती माशी बाहेर काढली, उतरंडीची, पांढरी. दुकानात जायच्या आधीच त्यांनी ती काढून ठेवली होती, आणि त्या काडीच्या मापाने चंद्रपूरच्या एका घड्याळजीकडून तिचे आटे बारीक करून आणले होते. अंगणात उकिडवे बसून, कापणाऱ्या हातांनी, त्यांनी जोडीच्या टोकावरचा धानाचा दाणा काढला आणि माशी फिरवत फिरवत बसवायला घेतली. दोनदा ती हातातून निसटली. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू नको." मग तिसऱ्यांदा ती बसली.

मामाजींना काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढे करून बंदूक चाचपली. अंगठा दस्त्यावरून निघाला, घोड्यांवरून गेला, पन्हळीतून सरकत सरकत टोकाला आला आणि तिथे थांबला. मग त्यांनी बोटाच्या पेराने ती माशी फिरून फिरून पाहिली.

"ईवाई," ते हळूच म्हणाले, "हा कोन्त्या धानाचा दाना व्हय?"

"आमच्याकडचा आहे," बाबा म्हणाले.

मामाजींनी मान हलवली. लोंबी त्यांनी स्वतः मागून घेतली आणि पन्हळीत ठेवली. भात शिजला, सासूबाई पहिलं ताट घेऊन माझ्याकडे यायला निघाल्या, कारण त्या वर्षीची राखणदार मी होते. मामाजींनी ताटाचा आवाज ऐकला. "तिले मंग," ते म्हणाले. "पयलं ताट ईवाईले."

सासूबाईंनी बाबांपुढे ताट ठेवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाजूला ठेवलेल्या डब्याकडे पाहिलं. डबा त्यांनी उघडला नाही. त्यांनी तो भात खाल्ला, खाली मान घालून, सावकाश, आणि ताट रिकामं झालं तेव्हा अजून थोडा मागून घेतला.